डब्यावर पाहिलेलं साक्षगंध

आमच्या घरात गेमचा एक डबा होता आणि त्याच्यावर गेम कधीच चालला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर माझी मुलगी हे वाचेल आणि म्हणेल, आई, तू स्वतः खेळत होतीस आणि माझ्या हातातून मात्र हिसकावून घेतेस. नाही खेळले, बाई. खेळताच येत नव्हतं. नागपूरच्या मामाच्या मुलानं, परागनं, नवा डबा घेतला आणि जुना आम्हाला देऊन टाकला. दिवाळीला मामा आला तेव्हा चिवड्याच्या पिशवीसोबत तो काळा, जड, धूळ खाल्लेला डबा घेऊन आला. तबकडी आत टाकली की खर्रर्र करायचा आणि दोन मिनिटांनी ती बाहेर ढकलून द्यायचा. त्याच्या रिमोटवर दोन छोट्या दांड्या होत्या, त्यातली डावी मोडकी, त्यामुळे पडद्यावरची खूण आपली सारखी उजवीकडे पळायची. आईनं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाप्पा! नागपूरचं भंगार पांढुर्ण्याले कायले धाडून राहिला तुहा मामा?" मामा तिचाच सख्खा भाऊ. पण तो काही चांगलं आणायचा तेव्हा 'माहा भाऊ' असायचा आणि असलं काही आणलं की 'तुहा मामा' व्हायचा.

आमचं घर स्टेशनच्या बाजूला. मालगाडी गेली की मांडणीतले पेले किणकिण करायचे आणि आई बोलता बोलता थांबायची, गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. बाबा वीज खात्यात लाईनमन. गावात त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत होतं, सगळे त्यांना लाइटवाले भाऊ म्हणायचे. जेवायला बसले की हमखास दारात कोणीतरी उभं. "लाइट कवा येईन भाऊ?" आई आतून ओरडायची, "माह्या नवऱ्याच्या खिशात हाय काय लाइट? जेवू त द्या!" बाबा तोंडातला घास संपवायचे आणि नीट उत्तर द्यायचे, कुठं काय तुटलं, किती वेळ लागेल. एवढं असून आमच्या घरी मात्र लाइट जायची तेव्हा जायचीच. सबस्टेशनला एक फोन करून आमच्या गल्लीपुरतं काही करणं त्यांना जमलं असतं, पण त्यांनी ते एकदाही केलं नाही. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मी घामानं चिंब होऊन त्यांच्यावर चिडायचे, लाईनमनच्या घरात मेणबत्ती म्हणून शेजारच्या पोरी हसायच्या ते वेगळंच. आज सांगते, मला तेव्हा त्या माणसाची किंमत कळत नव्हती.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वरच्या खोलीत एक जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. त्याचं एक झाकण कायम उघडं, आतल्या तारा सुतळीनं बांधलेल्या. जागेवरून चार बोटं जरी हलवला तरी आठ दिवस सुरू व्हायचा नाही. त्याला स्पीकरही नव्हता, म्हणजे होता, पण उंदरानं त्याची वायर खाल्ली होती. आणि दिवाळीपासून मामाचा हातातला व्हिडिओ कॅमेराही आमच्याकडेच पडून होता. मला तेव्हा नादच लागला होता, मी जे दिसेल त्याचं शूटिंग करायचे. पण ते पाहायचं कुठं? वर त्या टीचभर पडद्यावर, तेही मुक्यानं. परागला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, तो डबा कॉम्प्युटरमधले व्हिडिओ टीव्हीवर दाखवतो म्हणे. मी कधी करून पाहिलं नाही." झालं. मी इंटरनेट कॅफेत जाऊन त्याची सगळी रीत वहीत उतरवून आणली. वर कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम सुरू ठेवायचा, तो फाइल सोडणार, आणि खाली बैठकीत डबा ती झेलून टीव्हीवर लावणार. दोघांच्या मधात एक वायर. वाचायला एवढंच. करायला मला तीन आठवडे लागले, कारण कॅमेऱ्यातली फाइल डब्याला पचायचीच नाही. 'हा प्रकार चालत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची आणि मी त्या पाटीला मराठीत, हिंदीत, दोन्हींत शिव्या घालायचे.

वायर मी जिन्यावरून सरळ खाली सोडून दिली होती. बाबा कामावरून आले, खांद्यावरचा दोर आणि पट्टा खुंटीला अडकवला आणि त्या वायरीकडे असे पाहायला लागले जशी मी त्यांची अब्रूच जिन्यावर टाकली आहे. "हे कोन टाकलं?" मी म्हटलं, मी. "वायर अशी टाकतात काय, रंजू? लाईनमनच्या घरात?" रविवारी त्यांनी शिडी लावली. पोलवर तार अडकवायचे चिनी मातीचे दोन जुने कप कुठून तरी आणले, एक माडीच्या खिडकीबाहेर ठोकला, एक बैठकीच्या दारावर. "करंट किती असते याच्यात?" मी म्हटलं, "नावापुरता, बाबा. याच्यातून व्हिडिओ जाते." ते म्हणाले, "काही जाऊ दे, वायर ते वायर." मधे थोडा झोल ठेवला, टोकाला दोन वेटोळी केली. मी खालून सांगितलं की ही वायर कोपऱ्यात करकचून मोडायची नाही, आतल्या बारीक तारा तुटतात. ते शिडीवर थांबले, वाक गोल केला आणि खाली वळून विचारलं, "असं? बरोबर हाय?" माझ्या बापानं कामातलं काही मला विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी अशी काही मान डोलावली जशी मीच हेड ऑफिसची साहेब.

पहिला व्हिडिओ चालला तो आईचा. ती सांबारवडी करत होती, परातीत हिरव्यागार सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ढीग, बेसनाची पारी लाटतेय आणि तोंडानं शेजारणीची उणीदुणी चालू. बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर स्वतःला पाहून ती दचकून मागे सरकली. "मी एवढी जाडी दिसतो काय वं?" मग जवळ गेली, पाहत राहिली, हसत सुटली. आणि मग तिला आठवलं की टीव्हीवर ती जिच्याबद्दल बोलतेय ती शेजारीण दारातच उभी आहे. "बंद कर! बंद कर तो डबा!" आणि खूण उजवीकडे पळून राहिली, बंद काही होईना. त्या शेजारणीनं पुरता महिना आमच्याशी अबोला धरला आणि महिन्यानं स्वतःच येऊन म्हणाली, माह्या नातवाच्या बारशाचं शूटिंग हाय, तुह्या डब्यावर लाव न वं. गल्लीत माझं नावच पडलं, डबेवाली रंजू. आता माझी मुलगी फोनवर एक बोट मारते आणि भिंतीवर चित्र येतं. तीन सेकंद जरी ते चक्र फिरत राहिलं तरी तिचा जीव वर-खाली होतो. तिला काय सांगायचं, एक व्हिडिओ पाहायला अख्खा दिवस लावून बसायचो म्हणून!

त्याच वर्षी माझ्या मोठ्या बहिणीचं, अर्चनाताईचं लग्न जमलं. मुलगा रामाकोन्याचा, जीवन नाव, घरी संत्र्याचे बगीचे, माणूस शांत. ताईला तो आवडला होता आणि ताईचं आवडणं म्हणजे काय ते मला एकटीला माहीत होतं. एरवी रोज भाजीवरून कुरकुर करणारी बाई त्या दिवसांत कारल्याची भाजीही गुणगुणत खायची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी झालं. लग्नाचा शूटिंगवाला वेगळा ठरला होता, पण साक्षगंधाचं शूटिंग मी करते म्हणून मीच हट्ट धरला. रामाकोन्याची माणसं जीपनं आली, वाटेत जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन, त्यामुळे सगळ्यांच्याच कपाळावर शेंदूर. अंगणात मांडव, गाद्या टाकलेल्या, एका टोकाला लोड. आमच्याकडे बैठकीत लोड एकच टाकतात आणि त्याला टेकून जो बसतो तो मानाचा माणूस. बाहेरच्यानं विचारायची गरजच नसते. बाबा ताट घेऊन फिरले, प्रत्येकाला कुंकू लावलं, आणि मानाच्या माणसाला टोपी आणि उपरणं, म्हणजे टोपी-दुपट्टा, देऊन पाया पडले. मग वडाभात झाला, कढी झाली, पोरीबाळींचे फोटो झाले. संध्याकाळी जीप गेली आणि आई पाय पसरून म्हणाली, "झालं बाप्पा एकदाचं, कोनाचा रुसवा नाही फुगवा नाही."

आठव्या दिवशी फोन आला. जीवनचे वडील, वामनराव. मोठ्या आवाजाचा माणूस, फोन बाबांच्या कानाला होता तरी आम्हाला चुलीपर्यंत ऐकू येत होतं. त्यांचे मोठे जवाई, म्हणजे जीवनच्या आत्याचे यजमान, देविदासजी, त्यांना टोपी-दुपट्टा भेटला नाही. सगळ्यांत मोठ्या जवायाचाच मान राहिला. आत्याबाई रडून राहिल्या, म्हणतात आमी दोघंही लग्नाले पाऊल ठेवनार नाही, आणि मोठे जवाई नाहीत तर लग्नही नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "वामनरावजी, मी माह्या हातानं देल्ला. लोडाशी बसले होते, पायाही पडलो." तिकडून आवाज आला, "मंग माही बहीण खोटी काय? तुमी खोटं बोलून राहिले!" बाबांचा चेहरा मी पाहत होते. पोलवर काम करणाऱ्या माणसाचा शब्दावर भरवसा असतो. खालून कोणी म्हणालं लाइन बंद आहे तर तो वर तारेला हात लावतो. त्या माणसाला कोणी खोटारडा म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ताई स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तिचे हात परातीतच राहिले.

आणि मग आईनं बाबांच्या हातातून फोन ओढला. "आमच्याजवळ शूटिंग हाय म्हटलं! पुरं शूटिंग! या अन् आपल्या डोयानं पाहा, मोठ्या टीव्हीवर दाखवतो, कोन खोटं अन् कोन खरं!" मग वामनराव म्हणाले, "येतो रविवारी. आत्या अन् जवायालेही आनतो. दाखवा." बाबांनी वार ऐकला, मनात लाइट जायचं वेळापत्रक पाहिलं आणि आईला म्हणाले, "अकराले बोलाव. दोन वाजता जाते."

माझ्या अंगात तर वारं शिरलं होतं. माझा डबा माझ्या बापाला खरं ठरवणार! कॅमेरा मामानं परत नेला होता, पण फाइल कॉम्प्युटरमध्ये होती, पाऊण तासाची एकच लांबलचक फाइल, पेनड्राइव्हमध्येही न मावणारी. ती डब्याला पचेल अशी करून ठेवायची म्हणजे आमच्या कॉम्प्युटरचं पाच-सहा तासांचं काम, आणि मधे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी सत्तर टक्क्यांवर गेली. शुक्रवारी ऐंशीवर. मी कॉलेजला दांडी मारून त्या टक्क्यांकडे पाहत बसले. शनिवारी सकाळी नऊला लाइट आल्याबरोबर काम लावलं आणि दोनला पाच मिनिटं कमी असताना फाइल तयार झाली. राहिलेल्या पाच मिनिटांत मी फक्त कुंकवाचा भाग उघडून पाहिला, मुक्यानंच. लोडाला टेकून पांढरंशुभ्र धोतर, पांढरी मिशी, भारदस्त माणूस. बाबा वाकले, टोपी दिली, दुपट्टा खांद्यावर टाकला, पाया पडले. आपण जिंकलो म्हणून मी टाळी वाजवायलाच गेले आणि हात हवेतच राहिला. तो माणूस मी ओळखत होते. मीच त्याला त्या दिवशी संध्याकाळी, जीप निघताना, अंगणाबाहेर पाण्याचा तांब्या नेऊन दिला होता. तो जीपचा ड्रायव्हर होता, किसनाभाऊ. आणि दोनला लाइट गेली.

मी धावत सुटले. बाबा जाम नदीच्या पुलाजवळ, सावरगावच्या बाजूला पोलवर चढले होते. लाइन बंद असतानाच त्यांची कामं व्हायची. मी खाली उभी राहून ओरडले नाही. पोलवरच्या माणसाला हाक मारायची नाही हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. वीस मिनिटं उन्हात उभी राहिले. ते उतरले, हातमोजे काढले, माझं तोंड पाहिलं. मी सगळं सांगितलं. मग एका दमात हेही सांगितलं की बाबा, मले एकटीलेच माहीत हाय, आईलेही सांगतलं नाही. फाइल खराब झाली म्हनू. नाहीतर तेवढा तुकडा कापून टाकतो, मले येते. लाइटीमुळं गेली म्हटलं तर कोणाले काय समजते! ताईचं लगन मोडन, बाबा. हे बोलता बोलता मी रडायला लागले.

बाबा पुलाच्या कठड्यावर बसले. मग बाटलीतलं पाणी प्यायले, मला दिलं आणि म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोललो त." मी म्हटलं, तुम्हाला कुठं माहीत होतं! "माहीत नव्हतं तवरोक चूक होती. आता लपवलं की खोटं होते." आणि मला विचारलं, "तार जळली असन त मी तिच्यावर कपडा बांधून खाली उतरतो काय?" मी नाही म्हटलं. "मंग? उद्या लाव. अन् सुरुवातीपासून लाव, मधातून नको. लोकायले वाटाले नको का आपन आपल्या सोयीचं दाखवून राहिलो." मी विचारलं, आणि ताई? ते उठले, दोर खांद्यावर घेतला. "तिले मी सांगतो." त्यांनी ताईला काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. ती संध्याकाळी माझ्याजवळ आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, "उद्या डबा अटकू देऊ नको हं, रंजू." बस, एवढंच.

रविवारी अकराला जीप आली. तोच किसनाभाऊ चालवत होता, तो बाहेरच गाडीजवळ थांबला. वामनराव आले, आत्याबाई आल्या डोक्यावर पदर घट्ट ओढून, आणि सगळ्यांच्या मागून देविदासजी. बारीक, ठेंगणा माणूस, अर्ध्या बाहीचा फिकट शर्ट, डोक्यावर जुनी टोपी. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. मान-पानासाठी लग्न मोडायला निघालेला माणूस म्हणून माझ्या मनात चांगला दांडगा कोणीतरी होता. आईनं आलूबोंड्याच्या बश्या आणल्या, चेहऱ्यावर विजय नुसता ओसंडत होता, बिचारीला काहीच माहीत नव्हतं. वामनराव म्हणाले, "लावा तुमचं शूटिंग." बाबा उठून उभे राहिले. "लावतो. पन आधी एक सांगतो. मी फोनवर म्हटलं होतं, मी मोठ्या जवायाले मान देल्ला. ते खरं नाही निघालं. कसं नाही निघालं, ते पाहा."

आईच्या हातातली बशी तिरकी झाली आणि एक बोंडा घरंगळत पलंगाखाली गेला. वामनराव ताडकन उठले. "मंग पाहाचं काय? झालं न! चला!" आत्याबाईही उठल्या. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे ताईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. माझ्या हातात तो मोडका रिमोट घामानं निसटत होता. तेव्हा देविदासजी बोलले, त्या दिवसातलं पहिलं वाक्य. "बसा. पोरीनं एवढं लावून ठेवलं हाय, पाहू त."

मी लावलं. वरून फाइल सुटली, बाबांच्या वायरीतून खाली आली, डब्यानं झेलली. आमचं अंगण टीव्हीवर. आधी पाच मिनिटं नुसता गोंधळ, पोरं कॅमेऱ्यात तोंड घालून वेडावताहेत, आई कुणावर तरी ओरडतेय. मला वाटत होतं सरळ पुढं पळवावं, पण बाबांनी सांगितलं होतं सुरुवातीपासून. जीप आली. माणसं गादीवर बसली. आणि लोडाला टेकून बसले होते देविदासजी. हो, तेच! हा भाग मी पाहिलाच नव्हता. कॅमेरा दुसरीकडं वळला, परत आला. किसनाभाऊ मांडवाच्या खांबाला धरून, एक हात कमरेवर ठेवून वाकडा उभा. देविदासजी त्याला खुणेनं बोलावतात. तो नको नको म्हणतो. आणि मग टीव्हीतून आवाज आला, जो मला वर कधी ऐकूच आला नव्हता. "ये रे किसना. सकाळपासून गाडी चालवून राहिला, कंबर टेक इथं. मले कायचा लोड लागते?" ते स्वतः उठले, त्याला हाताला धरून लोडाशी बसवलं आणि आपण बाजूला, गादीच्या अगदी कडेला बसले.

मग बाबा ताट घेऊन आले. किसनाभाऊला कुंकू, टोपी, दुपट्टा, आणि वामनराव दुसऱ्या टोकाला पाठ करून गप्पांत रंगलेले. तो गोंधळून इकडं तिकडं पाहतो, बाबा पाया पडले तेव्हा अंग चोरतो. शेजारी देविदासजींनी आपली जुनी टोपी काढून मांडीवर ठेवली आहे आणि कुंकवासाठी कपाळ पुढं केलं आहे. बाबांचं ताट त्यांच्यावरून पुढं गेलं, एखादा भाऊबंद समजून मागून लावू म्हणून, आणि मागून ते राहूनच गेलं. देविदासजी तसेच वाकून राहिले. चार-पाच सेकंद असतील. मग त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि कपाळावरून हात फिरवला, जसं काही खाजच आली होती. कॅमेरा माझ्याच हातात होता आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नसेल, आणि देविदासजी समोर बसून स्वतःला पाहत होते.

आधी आत्याबाई फुटल्या. "हे मले काहून नाही सांगतलं तुमी? नुसतं म्हने, नाही भेटला!" देविदासजी म्हणाले, "तुले नाव सांगतलं असतं त तू किसनाले सोडलं असतं काय? त्याची काय चूक?" आवाज ऐकून किसनाभाऊ दारात आला होता, टीव्हीवर स्वतःच्याच डोक्यावर टोपी पाहून पांढराफटक पडला. वामनराव त्याच्यावर गरजले, "किसन्या! तुनं घेतलाच कसा?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मालक, मले वाटलं या घरी ड्रायव्हरलेही मान देत असतीन." बाबा पटकन म्हणाले, "देतो न भाऊ. तो तुहाच हाय, तुह्याजवळच राहीन." मग ते आत गेले, कुंकवाचं ताट आणि कोरा टोपी-दुपट्टा घेऊन आले आणि देविदासजींसमोर गुडघ्यावर बसले. "मी माणूस नाही पाह्यला, लोड पाह्यला. माही चूक झाली, जवाईबुवा." देविदासजींनी टोपी काढली आणि कपाळ पुढं केलं. माझ्या बापानं कुंकू लावलं, टोपी दिली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि पाया पडले.

वामनरावांना आता कुठं पाहावं ते कळेना. एवढं ओरडल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून ते घसा खाकरून म्हणाले, "जाऊ द्या. शूटिंग होतं म्हनून बरं झालं." देविदासजींनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि त्यांच्याकडे वळले. "शूटिंग त यायच्याजवळ होतंच, वामनराव. दाबून ठेवलं असतं त आपल्याले जन्मात समजलं नसतं. बापानं आपली चूक एवढी मोठी करून आपल्याले दाखवली अन् पोरीनं हातानं लावून देल्ली. अशा घरची पोरगी आपल्या घरी येऊन राहिली. मी पाऊल ठेवनार नाही म्हन्ता? मी वरातीत सगळ्यांत पुढं राहीन."

आई पदरात तोंड घालून रडत होती. पडद्यामागून ताईच्या बांगड्या पुन्हा वाजायला लागल्या. टीव्हीवर साक्षगंध अजून चालूच होतं, पोरं वड्यांवर तुटून पडली होती. बाबा उठले, ताट बाजूला ठेवलं आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रंजू," ते म्हणाले, "पुरं होऊ दे. शेवटपर्यंत चालू दे." मी रिमोट खाली ठेवला आणि माझ्या बापाच्या शेजारी, सगळ्या पाहुण्यांसमोर, मान वर करून बसले.